समुद्र नसलेल्या पॅराग्वेला माल पाठवताना आधी नदीचं पाणी बघा

प्रश्न थोडक्यात असा. सांगली जिल्ह्यातला एक लघुउद्योग द्राक्षबागेत फवारणी करणारे ब्लोअर, ट्रॅक्टरवरचे बूम स्प्रेयर (आडव्या दांड्यावरून फवारणारी यंत्रं) आणि त्यांचे सुटे भाग बनवतो. पॅराग्वेतल्या एन्कार्नासियोन शहराजवळच्या एका व्यापाऱ्यानं एका कंटेनरची चौकशी केली आहे. त्याला दर ‘सीआयएफ असुन्सियोन’, म्हणजे राजधानी असुन्सियोनपर्यंतचं भाडं आणि विमा धरून, हवाय आणि १८० दिवसांची उधारी हवी आहे. तीन फॉरवर्डरांकडून, म्हणजे मालवाहतूक ठरवून देणाऱ्या एजंटांकडून, भाडं मागवलं तर तिघांच्या आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक. नकाशात या देशाला समुद्रच नाही, मग बंदराचं नाव कसलं, माल किती दिवसांत पोचेल आणि हा देश उधारीच्या लायकीचा आहे का?

न्हावा शेव्यातून दक्षिण अमेरिकेकडे जाणाऱ्या मालाचं काम मी बरीच वर्षं करतोय, त्यात पॅराग्वे आणि बोलिव्हिया हे दोन्ही भूवेष्टित देश नेहमीचे. तुमच्या प्रश्नात भाडं, मुदत आणि उधारी असे तीन धागे दिसतात, पण माझ्या मते मूळ प्रश्न एकच आहे : समुद्र संपल्यानंतरच्या शेवटच्या हजार-दीड हजार किलोमीटरची जोखीम कुणाच्या डोक्यावर? तिघांचे दर वेगळे आले ते बहुधा याचमुळे. एकानं नदीचा टप्पा धरला असेल, दुसऱ्यानं ब्राझीलमधून ट्रकचा, आणि तिसऱ्यानं नदीचा अधिभार ‘प्रत्यक्ष होईल तसा’ म्हणून बाहेर ठेवला असेल. तिन्ही पत्रकं समोर घ्या आणि माल कुठे उतरतो, पुढे कशानं जातो, एवढंच आधी शोधा.

बाकी बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे. गोदाम नेमकं कुठे आहे, माल कोणत्या महिन्यात निघतो आणि त्या वर्षी वरच्या खोऱ्यात पाऊस कसा झालाय, यावर उत्तर बदलतं. म्हणून आधी देशाची मांडणी सांगतो.

पॅराग्वेचं क्षेत्रफळ सुमारे ४ लाख ७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा बरंच मोठं, आणि लोकसंख्या जेमतेम ६० लाखांच्या आसपास. पॅराग्वे नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहत देशाचे दोन भाग करते. पश्चिमेकडचा चाको भाग क्षेत्रफळात जवळजवळ ६० टक्के, पण तिथे लोक अगदी तुरळक. कोरडं, काटेरी रान, गुरांचे विस्तीर्ण मळे आणि मध्येच फिलाडेल्फिया, लोमा प्लाता अशी मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १९२०-३०च्या दशकांत वसवलेली गावं. देशाच्या दुधाचा मोठा हिस्सा त्यांच्या सहकारी संस्थांमधून येतो. पूर्वेकडचा भाग हिरवा, लाल मातीचा, आणि जवळपास सगळी लोकसंख्या तिथेच. राजधानी असुन्सियोन नदीकाठी आहे. पूर्वेच्या टोकाला पराना नदीवर सिउदाद देल एस्ते हे व्यापारी शहर आहे आणि दक्षिणेला, अर्जेंटिनातल्या पोसादासच्या समोर, तुमच्या ग्राहकाचं एन्कार्नासियोन. त्या भागाचं नाव इतापुआ. सोयाबीन, मका, गहू आणि येर्बा माते (चहासारखं पेय करतात ती पानं) पिकवणारा हा संपन्न पट्टा आहे. जर्मन, जपानी, युक्रेनियन वंशाचे शेतकरी तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि सहकार तिथे भक्कम आहे. सांगलीच्या माणसाला तिथली सहकारी संस्था, तिचं गोदाम, दुकान आणि पतपुरवठा समजायला वेळ लागणार नाही.

आता वाटा. देशात मालवाहू रेल्वे नाही. दक्षिण अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या रेल्वेमार्गांपैकी एक १८६१ साली इथेच सुरू झाला होता, पण तो केव्हाच बंद पडला. त्यामुळे पर्याय उरतात नदी आणि रस्ता हे दोनच.

नदीची वाट मुख्य आहे. ब्राझीलमधल्या कासेरेसपासून उरुग्वेतल्या नुएवा पालमिरापर्यंत पॅराग्वे-पराना जलमार्ग ३,४४२ किलोमीटरचा आहे आणि तो पाच देशांचा सामायिक आहे. ब्राझील, बोलिव्हिया, पॅराग्वे, अर्जेंटिना आणि उरुग्वे यांनी १९९२ साली त्यावर करार केला. तुमचा कंटेनर न्हावा शेव्यातून निघेल, वाटेत एखाद-दुसऱ्या बंदरात जहाज बदलेल, ब्वेनोस आयरेस किंवा मोंतेविदेओला उतरेल आणि तिथून बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावेवर, चढून नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर जाईल. ब्वेनोस आयरेस ते असुन्सियोन हे नदीतलं अंतर सुमारे १,६३० किलोमीटर. कागदावर असुन्सियोन लिहिलं तरी कंटेनर बऱ्याचदा शहराच्या खाली विल्येता वा आसपासच्या खासगी धक्क्यांवर उतरतो. तिथून एन्कार्नासियोनपर्यंत पहिल्या क्रमांकाच्या राष्ट्रीय मार्गानं साधारण साडेतीनशे किलोमीटर ट्रक.

पॅराग्वेच्या बार्जचा ताफा जगातल्या सर्वांत मोठ्या नदीताफ्यांत मोडतो. अमेरिका आणि चीन यांच्या खालोखाल त्याचं नाव घेतात. सोयाबीन, सोयापेंड, तेल खाली जातं. डिझेल, खत, यंत्रं, कंटेनर वर येतात. एक ढकलबोट दहा-पंधरा-वीस बार्ज एकत्र बांधून पुढे ढकलत नेते. एवढं वजन एवढ्या कमी इंधनात दुसऱ्या कुठल्याही साधनानं जात नाही. समुद्र नसूनही पॅराग्वे धान्याच्या जागतिक बाजारात टिकून आहे तो या नदीमुळे.

आणि अडतो तोही या नदीमुळेच. असुन्सियोन समुद्रसपाटीपासून शंभर मीटरपेक्षाही कमी उंचीवर आहे आणि समुद्र दीड हजार किलोमीटर दूर. उतार जवळजवळ नाहीच. वरच्या अंगाला ब्राझीलमधला पांतानाल हा प्रचंड पाणथळ प्रदेश आहे. तिथे पडलेला पाऊस पसरतो, साचतो आणि महिन्यांच्या अंतरानं खाली पोचतो. म्हणून असुन्सियोनला पाणी भरपूर असतं ते साधारण मे ते जुलैमध्ये, वरचा पावसाळा कधीच संपून गेलेला असताना. सप्टेंबरपासून वर्षअखेरपर्यंत पातळी खाली असते. पांतानालमध्ये पाऊस ओढला की पुढच्या मोसमात नदी आटते. २०२० आणि २०२१ साली असं झालं. २०२४च्या सप्टेंबरात असुन्सियोनच्या मोजपट्टीवर पाणी शून्याच्याही खाली जाऊन आधीचा नीचांक मोडला.

पाणी उतरलं की बार्ज थांबतातच असं नाही, पण अर्ध्या भराव्या लागतात. खडकाळ उथळ जागी ताफा सोडून थोड्या थोड्या बार्ज पार न्याव्या लागतात. त्याच मालाला जास्त फेऱ्या, जास्त दिवस. मग कंपन्या ‘लो वॉटर सरचार्ज’ लावतात आणि तिकडच्या बंदरात कंटेनरची रांग लागते. त्यात २०२३च्या सुरुवातीपासून अर्जेंटिनानं सांता फेच्या वरच्या पट्ट्यात पथकर लावला आणि त्यावरून शेजाऱ्यांमध्ये मोठा वाद झाला. हा खर्चही शेवटी भाड्यातच उतरतो.

म्हणून ‘सीआयएफ असुन्सियोन’ या दोन शब्दांकडे नीट बघा. सीआयएफमध्ये मालाची जोखीम न्हावा शेव्यात जहाजावर चढल्यावर खरेदीदाराकडे जाते, पण भाडं मात्र नाव घेतलेल्या ठिकाणापर्यंत तुमचंच. म्हणजे नदी आटली तर अधिभार तुमच्या खिशातून. मी माझ्या ग्राहकांना सांगतो, की दर असुन्सियोनपर्यंतचा द्या, खरेदीदाराला तो सोयीचा असतो, पण प्रोफॉर्मा इन्व्हॉइसमध्येच (व्यवहाराआधी पाठवतो त्या कच्च्या बिलात) लिहा : कमी पाण्याचा अधिभार आणि नदीतल्या विलंबामुळे होणारा कंटेनरचा खर्च खरेदीदाराकडे. तिकडच्या मुरलेल्या आयातदाराला हे वाक्य नवं नसतं. तो मानत नसेल तर एफओबी न्हावा शेवा, म्हणजे इथे जहाजावर चढवून देण्यापर्यंतचाच दर, द्या आणि भाडं त्याला ठरवू द्या. नियमित आयात करणाऱ्यांना तिकडून चांगले दर मिळतात. एफओबीचा तोटा असा, की जहाज कंपनी त्याची, फॉरवर्डर त्याचा, आणि पैसे अडकले तर मालावरचा तुमचा ताबा ढिला. पहिल्याच व्यवहारात, तेही उधारीवर, मला तो पसंत नाही.

दुसरी वाट ब्राझीलमधून. माल परानाग्वा बंदरात उतरवायचा आणि ट्रकनं साधारण ७३० किलोमीटर जाऊन फोस दो इग्वासूपाशी सीमा ओलांडून सिउदाद देल एस्तेला पोचायचं. परानाग्वात पॅराग्वेला करमुक्त गोदामाची सोय करारानं मिळालेली आहे. दोन शहरांना जोडणारा मैत्री पूल १९६५ पासून वाहतूक पेलतोय आणि त्याच्यावरची गर्दी कुणालाही चुकत नाही. पाण्याच्या पातळीचा इथे संबंध नाही, पण प्रति कंटेनर खर्च जास्त, मर्कोसुर या दक्षिण अमेरिकी व्यापारगटाचे संक्रमण कागद वेगळे, आणि सीमेवर ब्राझीलच्या महसूल कर्मचाऱ्यांचं आंदोलन सुरू असलं की रांगच रांग. तुमचा माणूस इतापुआत आहे. सिउदाद देल एस्तेहून तो आणखी पावणेतीनशे किलोमीटर दक्षिणेला. सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये तातडीचा माल असेल तर मी ही वाट धरतो, एरवी नाही.

ब्वेनोस आयरेसहून ट्रकनं पोसादासला आणि तिथून पूल ओलांडून थेट एन्कार्नासियोनला, अशीही वाट आहे. नकाशात तीच सर्वांत सरळ दिसते. पण तिथे अर्जेंटिनातले नियम, तिथली चलनाची परिस्थिती आणि ट्रकचे दर यांवर सगळं बेततं. दर मागवा, तुलना करा, पण वर्षभराचा हिशेब त्यावर मांडू नका.

चिलीची वाट तुमच्या उपयोगाची नाही. जपानमधल्या वापरलेल्या मोटारी इकिकेच्या मुक्त व्यापार क्षेत्रातून अँडीज ओलांडून पॅराग्वेत येतात, हे खरं. ब्राझीलपासून चाकोमधून चिलीच्या बंदरांपर्यंत जाणारा द्विसागरी मार्गही उभा राहतोय. कार्मेलो पेराल्ता ते लोमा प्लाता हा २७५ किलोमीटरच्या आसपासचा रस्ता २०२२ साली झाला, आणि कार्मेलो पेराल्ता व ब्राझीलमधलं पोर्तो मुर्तिन्यो यांच्यामधल्या नदीवर मोठा केबलचा पूल बांधायला घेतला. चाकोतल्या मांस आणि दुधासाठी हा मार्ग फार मोलाचा ठरेल असं मला मनापासून वाटतं, कारण आशियाकडे जाणारा माल त्यामुळे प्रशांत महासागराच्या बंदरातून निघू शकेल. भारतातून इतापुआला यायला मात्र त्यातून काही वाचत नाही.

आता वेळापत्रक. तिकडे सोयाबीनची पेरणी सप्टेंबरपासून, काढणी जानेवारी ते मार्च. फवारणीचं यंत्र शेतकऱ्याला हवं असतं पेरणीच्या आधी, म्हणजे व्यापाऱ्याच्या दुकानात ते ऑगस्टपर्यंत लागायला हवं. नदीला पाणी असतं मे ते जुलै. या दोन गोष्टी सुदैवानं जुळतात. न्हावा शेवा ते ला प्लाता नदीच्या मुखापर्यंत जहाज बदलण्यासह दीड ते दोन महिने धरा, त्यापुढे बार्जची वाट बघणं आणि प्रवास मिळून दोन-तीन आठवडे. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात कंटेनर निघाला तर तो भरल्या पाण्यात वर जातो. जुलैत निघाला तर आटत्या पाण्यात अडकायला आणि हंगाम चुकायला मोकळा. तुमचा व्यापारी ‘केव्हाही पाठवा’ म्हणत असेल तर त्याला एप्रिल सुचवा. त्याचा हंगाम तुम्हाला समजतो हेही त्याला कळेल. पॅराग्वेचं हवामान आणि जलविज्ञान खातं नद्यांची पातळी रोज जाहीर करतं. बुकिंगच्या आधी महिनाभर ती बघत राहा.

बुकिंग करताना तीन गोष्टी मागून घ्या. असुन्सियोनपर्यंतचं एकच थ्रू बीएल (बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीची मालाची पावती), म्हणजे मधल्या बंदरात जबाबदारी तुटत नाही. रिकामा कंटेनर परत करायला जास्तीत जास्त मोफत दिवस, एकवीसपेक्षा कमी घेऊ नका. आणि विमा सर्व जोखमींचा, बार्जवरचा प्रवास व मधल्या बंदरातला मुक्काम धरून. एका निर्यातदाराच्या पॉलिसीत विम्याची हद्द समुद्री बंदरापर्यंतच लिहिलेली होती आणि माल भिजला पुढे नदीत. मी ती फाइल बघितली तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बीएलवर आणि इन्व्हॉइसवर आयातदाराचा तिकडचा करक्रमांक, ज्याला ते रुक म्हणतात, बिनचूक असू द्या.

आता थोडं देशाच्या अर्थकारणाबद्दल, कारण उधारीचा निर्णय त्यावर आहे. पॅराग्वेकडे वीज अमाप. ब्राझीलबरोबर १९७३च्या कराराने बांधलेलं इताइपू धरण १४,००० मेगावॅटचं आहे. आपल्या कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट. इताइपूत अर्धा वाटा पॅराग्वेचा. अर्जेंटिनाबरोबरचं यासिरेता धरण वेगळं. तरी हा देश उद्योगप्रधान झाला नाही, कारण करारानुसार न वापरलेली वीज शेजाऱ्यालाच द्यायची आणि तिची भरपाईही करारानंच ठरणार. धरणाचं कर्ज २०२३ साली फिटलं आणि आता दराच्या अटी नव्यानं ठरवण्याची बोलणी सुरू झाली आहेत. या देशाच्या पुढच्या पिढीचं बरंच काही त्यावर अवलंबून आहे. देशांतर्गत वितरण मात्र अशक्त आहे. उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्रं सुरू झाली की असुन्सियोनमध्येही वीज जाते.

तुमच्या कामाचा भाग असा : पॅराग्वेत २२० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झ चालतं, आपल्याशी जुळणारं. ब्राझीलमध्ये ६० हर्ट्‌झ. इताइपूची वीस जनित्रंही त्यामुळे निम्मी निम्मी विभागलेली आहेत. मोटर असलेलं काही पाठवणार असाल तर आपली ५० हर्ट्‌झची मोटर तिथे चालेल. पण व्यापाऱ्यानं ती पुढे ब्राझीलमध्ये विकायचं म्हटलं तर तुमची हमी त्यात येत नाही, हे लिहून द्या.

पैशाच्या शिस्तीत पॅराग्वे त्या भागात वेगळा उठून दिसतो. ग्वारानी हे चलन १९४३ पासून तेच आहे. शेजाऱ्यांनी या काळात कितीदा शून्यं खोडली. मूल्यवर्धित कर १० टक्के, कंपनी कर १० टक्के. २०२४ साली मूडीज या पतमानांकन संस्थेनं देशाला गुंतवणूकयोग्य दर्जा दिला. परकीय चलन मिळत नाही म्हणून पैसे अडकले, असं तिथे मी फारसं बघितलेलं नाही. धोका दुसरीकडे आहे, तो पिकात. २०२१-२२च्या दुष्काळात सोयाबीनचं उत्पादन निम्म्याहून खाली गेलं आणि कृषी दुकानदारांची वसुली खोळंबली. तिकडची पद्धत अशी, की दुकानदार बियाणं, औषध, यंत्रं शेतकऱ्याला काढणीच्या बोलीवर देतो. तुमच्या व्यापाऱ्यानं १८० दिवस मागितले ते याच साखळीतून आलेले आहेत. त्यात लबाडी नाही, पण शेतकऱ्याच्या पावसाची जोखीम सांगलीच्या कारखान्यानं का घ्यावी? पहिल्या कंटेनरला ३० टक्के आगाऊ आणि उरलेले बँकेतून कागदपत्रं सोडवताना, असं मागा. ते जमलंच नाही तर ईसीजीसीचं (निर्यातीच्या उधारीचा विमा देणारी सरकारी कंपनी) संरक्षण मिळतंय का ते बघून नव्वद दिवस. मधे तो एखाद्या सहकारी संस्थेचा पुरवठादार असल्याचं कळलं तर माझं मत बरंच मऊ होईल.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण ती भाड्याइतकीच महत्त्वाची आहे. इतापुआतल्या मोठ्या सोयाबीन शेतकऱ्याकडे स्वतः चालणारी, पंचवीस-तीस मीटर पसाऱ्याची फवारणी यंत्रं असतात. ती ब्राझील-अर्जेंटिनातून येतात, मर्कोसुरमुळे सीमाशुल्काशिवाय, आणि सुटा भाग दोन दिवसांत मिळतो. त्या बाजारात तुमचा बूम स्प्रेयर टिकणार नाही. तुमची जागा आहे छोट्या शेतकऱ्याकडे : येर्बा माते, भाजीपाला, संत्री, ऊस, आणि उत्तरेकडच्या सान पेद्रो भागातला तीळ. व्यापाऱ्याला विचारा, ट्रॅक्टर किती अश्वशक्तीचे आहेत आणि जोडणी कोणत्या मापाची. द्राक्षबागेतल्या लहान ट्रॅक्टरसाठी केलेला ब्लोअर तिकडच्या मोठ्या ट्रॅक्टरला तसाच बसणार नाही. कंटेनरमधला चांगला हिस्सा डायफ्राम, नोझल, सील यांचा ठेवा, कारण पंप बिघडला आणि सुटा भाग अडीच महिन्यांवर असला की ग्राहक कायमचा जातो. माहितीपुस्तिका स्पॅनिशमध्ये हवीच. ब्राझीलच्या सीमेलगत पोर्तुगीज बोलणारे शेतकरी पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी ती प्रतही उपयोगी पडेल.

भारत आणि मर्कोसुर यांच्यातला सवलत करार २००९ पासून लागू आहे, पण तो दोन्ही बाजूंनी साडेचारशेच्या आसपास वस्तूंपुरताच आहे. तुमच्या मालाचा आठ अंकी क्रमांक त्यात बसतो का, ते सीएचएकडून, म्हणजे सीमाशुल्क दलालाकडून, तपासून घ्या. बसत असेल तर मूळ-देशाचं प्रमाणपत्र त्या करारातलंच लागेल, साधं चालणार नाही.

तेव्हा व्यापाऱ्याला आज एवढंच विचारा : गोदामाचं गाव, ट्रॅक्टरची अश्वशक्ती, माल दुकानात कोणत्या महिन्यात हवा, आणि याआधी भारत किंवा चीनमधून त्यानं माल कोणत्या बंदरातून आणला. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून तो किती मुरलेला आहे हे लगेच कळेल. ती उत्तरं आणि तिन्ही फॉरवर्डरांची पत्रकं इथे टाका, नावं खोडून. कुणी नदी धरली आहे आणि कुणी ट्रक, ते मी ओळीओळीनं बघून सांगतो.